वेल्डिंगला रोबो आला, आता फट कोण भरणार?

पत्रेवाला (सोमवार, सकाळी ९.१२)

चाकण, भोसरी, वाळूज पट्ट्यात दुचाकीचे ब्रॅकेट, स्टँड, फुटरेस्ट करणाऱ्या छोट्या कारखान्यांत सध्या एकच चर्चा आहे. मिग वेल्डिंगचे (टॉर्चमधून वायर आपोआप पुढे येते ते) बूथ काढायचे आणि रोबोचा सेल, म्हणजे कुंपणात रोबो आणि फिरतं टेबल, बसवायचा. विक्रेता सांगतो, "एक सेल दहा वेल्डर वाचवतो." मालक खूश होतो, खाली शॉपमध्ये धास्ती पसरते. हे वाक्य कितपत खरं आहे ते कागदावर मांडून बघू.

जॉब असा धरा: ३ मिमी पत्र्याचे चार तुकडे आणि एक नळी, म्हणजे पाच चाइल्ड पार्ट (जोडायचे सुटे भाग). चार शिवणी, मिळून ३२० मिमी वेल्ड. हाताचा वेग मिनिटाला ३५ सेमी धरला तर नुसता आर्क ५५ सेकंद. भाग जिगमध्ये (पकडून ठेवणाऱ्या साच्यात) लावणं, टॅक (तात्पुरते टाके) मारणं, जिग फिरवणं, काच खालीवर करणं, छिन्नीने स्पॅटर (चिकटलेले थेंब) उडवणं हे धरून नग १५० सेकंदांत पडतो.

रोबोला मिनिटाला ७० सेमी सहज जमतं. आर्क २७ सेकंद, शिवणींमधल्या मोकळ्या हालचाली आणि क्रेटर (शिवणीच्या टोकाचा खड्डा) भरायला १२, टेबल फिरायला पाचसहा. एकूण ४५ सेकंद. लोडिंगचा वेळ यात नाही, कारण टेबलाच्या अलीकडच्या बाजूला ते चालूच असतं.

आठ तासांच्या पाळीतून जेवणाचा अर्धा तास वजा करा आणि ८५ टक्के वेळ काम चाललं असं माना. हाताने १५३ नग, रोबोवर ५१०. म्हणजे पाळीला ३.३ वेल्डर, तीन पाळ्यांत दहा. विक्रेत्याचा आकडा बरोबर आहे.

पण सेलवर तीन पाळ्यांना तीन लोडर लागतात. एक सेटर (रोबोचा प्रोग्रॅम लावणारा) लागतो, तो दोनतीन सेलमध्ये वाटला तर अर्धा धरा. रीवर्कच्या (बिघडलेले नग दुरुस्त करायच्या) बाकावर एक जण कायमचा. दहाचे होतात साडेचार ते पाच. विक्रेता खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो.

दुसरी गोष्ट, हा सेल दिवसाला १५३० नग काढतो. शेड्यूल ६०० चं असेल तर उरलेला वेळ भरायला दुसरे मॉडेल आणि त्यांची फिक्स्चर (टेबलावरचे पार्ट पकडणारे साचे) हवीत. सेल घेतलेल्यांनी आणि सेलवर काम करणाऱ्यांनी भर घालावी.

मापात_पाप (सोमवार, सकाळी ९.५०)

हिशेब ठीक आहे, पण "८५ टक्के" हा आकडा फुकट मिळत नाही. तो चाइल्ड पार्टच्या मापावर उभा असतो.

हाताने वेल्ड करणारा माणूस दोन कामं करतो आणि आपण एकाचाच पगार मोजतो. टॉर्च चालवतो हे एक. दुसरं काम कुठल्याच कागदावर नसतं: फट दिसली की तो वेग कमी करतो, टॉर्च किंचित जाड भागाकडे झुकवतो, विणल्यासारखा हात हलवतो आणि फट भरून टाकतो. नळी अर्धा अंश फिरलेली असली तर गुडघ्याने जिग दाबून धरतो. प्रेसशॉपचं पाप वेल्डरच्या हातात धुतलं जातं. रोबोला ते दिसतच नाही. शिकवलेल्या रेषेवरून तो जाणार, पत्रा तिथे असो वा नसो.

ढोबळ नियम: शिवणीची जागा वायरच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त सरकता कामा नये. १.२ मिमी वायर असेल तर ±०.६ मिमी धरा, ०.८ असेल तर ±०.४. पत्रा २ मिमीच्या खाली असेल तर फटही अर्ध्या मिमीच्या आत हवी. नाही तर भोक पडणार, किंवा वेल्ड एकाच पत्र्यावर चढून बसणार. ते वरून छान दिसतं. कापून बघितलं की दुसऱ्या बाजूला पेनिट्रेशन (वेल्डचं पत्र्यात मुरणं) शून्य.

म्हणून रोबोची ऑर्डर देण्याआधी एक आठवडा असा घालवा. प्रत्येक चाइल्ड पार्टचे ३० नग घ्या, तेही एका लॉटचे नकोत. पत्र्याचं कॉइल बदलण्याआधीचे आणि नंतरचे, टूल धार लावण्याआधीचे आणि नंतरचे. जिथे शिवण येणार नेमकं तिथे मोजा, ड्रॉइंगवर जिथे माप दिलंय तिथे नाही. बेंडचा कोन कॉइलगणिक बदलतो, कारण स्प्रिंगबॅक (वाकवलेला पत्रा थोडा परत उघडणं) बदलतो. १५० मिमी लांब फ्लॅंजला एका अंशाचा फरक म्हणजे टोकाला अडीच मिमीच्या वर. रोबोचा सगळा हिशेब तिथेच संपला.

बऱ्याच ठिकाणी सेल येतो, पहिल्या महिन्यात रीवर्कच्या बाकावर एकाऐवजी तीन वेल्डर उभे राहतात, आणि ठपका रोबोवर येतो. चूक प्रेस टूलची असते.

चाकणकर (सोमवार, सकाळी १०.२०)

मापात_पाप, +१. आयडी सार्थ आहे.

एक प्रश्न: सीम ट्रॅकिंग (रोबोने शिवण स्वतः शोधणं) घेतलं की हे सुटतं असं सांगतात. खरं का?

मापात_पाप (सोमवार, सकाळी १०.४१)

काही अंशी.

टच सेन्सिंगमध्ये रोबो वायरचं टोक जॉबला टेकवून जागा शोधतो आणि प्रोग्रॅम तेवढा सरकवतो. एका टचला दोनतीन सेकंद जातात, शिवणीला दोन टच धरले तर चार शिवणींना १६ ते २४ सेकंद. ४५ चा सायकल ६५ वर गेला. शिवाय जागा कळते, फट कळत नाही.

आर्कमधून ट्रॅकिंगमध्ये टॉर्च डावीउजवीकडे हलवत करंटमधला फरक वाचतात. जाड फिलेटला (कोपऱ्यातल्या शिवणीला) उत्तम. २ मिमीच्या आसपासच्या लॅप जॉइंटला (पत्र्यावर पत्रा) काठच इतका कमी असतो की फरक धड कळत नाही. ट्रॅक्टर, ट्रेलर, जेसीबीच्या जाड कामात ते शोभतं.

लेझर सेन्सर फटसुद्धा मोजतो, पण तो टॉर्चच्या पुढे लटकतो, त्यामुळे कोपऱ्यात शिरत नाही, आणि किंमत झोंबते. एवढ्याशा ब्रॅकेटला ते पैसे प्रेस टूलवर घाला.

थर्ड शिफ्ट (सोमवार, दुपारी १.०५)

सेल बसला, माप जमलं, तरी रोज जे बिघडतं त्याबद्दल थोडं. पुस्तिकेत हे शेवटच्या पानावर असतं आणि रात्री तीन वाजता हेच लागतं.

कॉन्टॅक्ट टिप, म्हणजे वायर बाहेर येते ते तांब्याचं तोंड. वायर घासून भोक लंबगोल होतं, वायर भरकटते, शिवण अर्धा मिमी सरकते. हाताच्या टॉर्चला वेल्डरला ते डोळ्याने कळतं. इथे टिप नगांवर बदला, म्हणजे काउंटर लावून ठराविक नगांनंतर सेल आपोआप थांबला पाहिजे. "खराब दिसली की बदलू" हे धोरण रोबोला चालत नाही. साध्या तांब्याऐवजी क्रोमियम-झिर्कोनियम तांब्याची टिप घ्या, जास्त टिकते.

वायर. १५ किलोचं स्पूल लावलं तर पाळीत थांबावं लागतं आणि स्पूलच्या आतल्या वेढ्यांत वायरला बाक जास्त असतो. २५० किलोचा ड्रम घ्या. पण ड्रमपासून फीडरपर्यंतचा कॉन्ड्युट लांब आणि वळणांचा केला तर फीड अडखळतो, आर्क फुरफुरतो आणि लोक व्होल्टेजशी खेळत बसतात. ड्रम बदलला की लायनर (वायर ज्यातून जाते ती आतली नळी) कोरड्या हवेने फुंकून घ्या. पावसाळ्यात ड्रमवर झाकण हवंच, तांब्याचा मुलामा असला तरी वायर गंजते.

गॅस. ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइड, मिनिटाला १५ लिटरच्या आसपास. पोरॉसिटी (वेल्डमध्ये बारीक भोकं) आली की पहिल्यांदा सिलिंडरकडे बघू नका, लोडरच्या पंख्याकडे बघा. मार्च उजाडला की कोणीतरी पेडस्टल फॅन सेलकडे तोंड करून लावतो आणि गॅसचं कवच उडून जातं. पंखा काढायला सांगू नका, माणूस तिथे उकडतो आहे. तो पाठीमागून, पडद्याच्या अलीकडे, खाली झुकवून लावा. दुसरं कारण म्हणजे प्रेसमधून तेलकट आलेले पार्ट.

अर्थिंग. केबल फिरत्या टेबलाच्या स्थिर बाजूला जोडली तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. आर्क भरकटतो आणि काही महिन्यांत बेअरिंग खरखरायला लागतं. फिक्स्चरच्या बाजूला रोटरी अर्थ ब्रश हवा.

आणि सगळ्यात महागडी चूक. रात्री टॉर्च क्लॅम्पला धडकते, नेक (टॉर्चची मान) दीडदोन मिमी वाकते. शिवणी सरकतात. सेटर घाईत प्रोग्रॅममधले चाळीस पॉइंट हाताने सरकवतो, माल चालू होतो. दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सवाले नवी नेक लावतात आणि आता चाळीसच्या चाळीस पॉइंट उलट्या बाजूला चुकलेले. धडक झाली की आधी सेलमधल्या टोकदार पिनवर वायरचं टोक जुळतं का ते बघायचं. नसेल जुळत तर नेक सरळ करा किंवा बदला. पॉइंटला हात लावायचा नाही. ती पिन बसवायला शंभर रुपयेही लागत नाहीत आणि तरी निम्म्या सेलमध्ये ती नसते.

नवशिका (सोमवार, दुपारी १.३०)

दंडवत! स्टिकआउट (टिपबाहेर राहणारी वायर) किती ठेवायचं?

थर्ड शिफ्ट (सोमवार, दुपारी १.३४)

१.२ वायरला १५ मिमी. आणि पिनवर तपासताना वायर नेमकी तेवढीच कापलेली हवी, नाही तर तपासणीच चुकीची.

टर्निंगवाला (सोमवार, दुपारी ३.१५)

वेल्डिंगचं चाललंय, पण धाग्याचा विषय मशीनशॉपलाही लागू आहे म्हणून लिहितो. सीएनसी लेथवर लोडिंगला रोबो लावताना लोक "ऑपरेटर वाचला" म्हणतात. पिंपरी-चिंचवडमध्ये आधीच एक ऑपरेटर दोनतीन मशीन बघतो. मग वाचला कोण? एक तृतीयांश माणूस.

सायकल ४० सेकंदांचा असेल तर फायदा आहे, कारण माणूस सतत दारातच असतो. दुहेरी ग्रिपर असेल तर तयार जॉब काढणं आणि कच्चा लावणं एकाच फेरीत, दार उघडून बंद होईपर्यंत १० ते १५ सेकंदांत उरकतं. व्हीएमसीवर (उभ्या मिलिंग मशीनवर) १२ मिनिटांचा सायकल असेल तर रोबो अकरा मिनिटं नुसता बघत उभा राहणार. तिथे पॅलेट किंवा एका फिक्स्चरवर जास्त नग हा मार्ग स्वस्त.

इथेही लपलेलं काम तेच. जॉब लावण्याआधी माणूस एअरगनने जॉ (चकचे जबडे) साफ करतो. रोबोने न फुंकता लावला तर जॉमध्ये चिप अडकते, जॉब तिरका बसतो, रनआउट (फिरताना डगमग) येतो. त्यासाठी जॉच्या तोंडावर बारीक भोकातून हवा सोडतात. जॉब नीट टेकला नाही तर हवा निसटते, दाब चढत नाही, प्रेशर स्विच सायकल सुरूच होऊ देत नाही. हे न बसवता घेतलेला रोबो म्हणजे स्क्रॅपचा कारखाना.

लांब चिपचा गुंता हा दुसरा शत्रू. माणूस आकड्याने ओढून काढतो. रोबोसाठी चिप तुटलीच पाहिजे. चिपब्रेकर असलेलं इन्सर्ट, फीड वाढवून बघणं, नाही तर जास्त दाबाचं कूलंट. स्टेनलेसला आणि मऊ स्टीलला याच मुद्द्यावर प्रकल्प अडतो.

तिसरं, ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती. सकाळी मशीन थंड असतं, पहिले वीसपंचवीस नग माप सरकत राहतं. ऑपरेटर गेज लावून दहा मायक्रॉन देतो, परत बघतो. रोबोच्या सेलला गेजिंग स्टेशन आणि त्यातून आपोआप ऑफसेट जाण्याची सोय हवी. ती नसेल तर ऑपरेटर तिथेच राहिला, फक्त खुर्चीवर बसून.

चाकणकर (सोमवार, रात्री ८.४०)

आता पैशाचं. खालचे आकडे समजण्यापुरते आहेत, आपापले टाकून बघा.

रोबो, पॉवर सोर्स, दोन स्टेशनचं टेबल, कुंपण, धुराडं मिळून समजा २८ लाख. दोन मॉडेलची फिक्स्चर, प्रत्येक मॉडेलला दोन्ही स्टेशनवर एकेक, नग दीड लाख: सहा लाख. झाले ३४. पत्रेवाल्यांच्या हिशेबाने तीन पाळ्यांत पाच माणसं कमी. एका माणसावरचा खर्च, पीएफ वगैरे धरून, महिना २५ हजार: वर्षाला १५ लाख. त्यातून सेटरचा जास्तीचा पगार, एएमसी (वार्षिक देखभाल करार), टिप-लायनर-नोझल असे साडेतीन लाख वजा. उरले साडेअकरा. ३४ लाखांवर १० टक्क्यांनी पहिल्या वर्षीचं व्याज ३.४ लाख. हातात ८.१ लाख. पैसे फिटायला चार वर्षं.

हाच सेल एका पाळीत चालवा. ३.३ वेल्डर गेले, एक लोडर, अर्धा सेटर आणि रीवर्कवाल्याचा तिसरा हिस्सा आला. दीड माणूस वाचला, साडेचार लाख. साडेतीन लाखांचा खर्च एक तृतीयांश धरला तरी, व्याज जाऊन शून्य.

म्हणजे निव्वळ पगार वाचवायला रोबो घेणं बहुतेक छोट्या शॉपला परवडत नाही. तरी घेतात, त्याची कारणं वेगळी: ओईएमच्या (गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या) ऑडिटमध्ये सेफ्टी पार्टला रोबो वेल्ड मागतात, वेल्डची लांबी आणि पेनिट्रेशन नगागणिक सारखं येतं, आणि दिवाळी, होळी, लग्नसराईत वेल्डर गावाला गेले की लाइन बंद पडत नाही.

पत्रेवाला (सोमवार, रात्री ९.०२)

मान्य. त्यात एक भर: मॉडेल बदललं की फिक्स्चर भंगारात जातं, रोबो नाही. त्यामुळे फिक्स्चरचा खर्च मॉडेलच्या आयुष्यावर टाका, रोबोचा आठदहा वर्षांवर. दोन्ही एकत्र केले की हिशेब फसवतो.

निळी कॉलर (मंगळवार, सकाळी ७.५५)

वर सगळे "वाचला", "कमी झाला" म्हणताहेत. तो माणूस जातो कुठे, आणि उरतो त्याचं काय, तेही आकड्यांतच बघू.

आधी उरतो त्याचं. लोडर. ५१० नग, नगाला पाच पार्ट, म्हणजे पाळीत २५५० वेळा वाकून उचलणं. नग १.८ किलोचा धरला तर लावताना ९१८ किलो, काढताना पुन्हा तेवढेच. हाताच्या वेल्डिंगमध्ये १५० सेकंदांचा ताल वेल्डरचा स्वतःचा असतो. इथे ४५ सेकंदांनी टेबल फिरणारच. कागदावर हे "अकुशल, हलकं काम". त्यामुळे करारात चार गोष्टी मागाव्या: दोन तासांनी जागेची अदलाबदल, बिन कमरेच्या उंचीवर आणि झुकती, लोडिंगला सायकलपेक्षा निदान आठदहा सेकंद कमी लागतील अशी फिक्स्चरची रचना, आणि टेबलाचा वेग परस्पर वाढवायचा नाही अशी लेखी अट.

आता जाणाऱ्याचं. कायद्याने कामगारकपात होऊ शकेल असा यंत्रातला किंवा तंत्रातला बदल करायचा तर मालकाला २१ दिवस आधी बदलाची नोटीस द्यावी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ते कलम ९अ होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली, तिच्यातही ही तरतूद आहे. कपात झालीच तर सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार, एक महिन्याची नोटीस, आणि नव्या संहितेत आणखी १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीतून, तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायला हवा. शेवटी लागलेला आधी जाणार हे तत्त्व कायम. वर्षभरात पुन्हा भरती केली तर आधी काढलेल्यांना विचारायचं. सरकारची आगाऊ परवानगी मात्र आता ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यालाच लागते, पूर्वी ही मर्यादा १०० होती.

आता प्रत्यक्षात. हे सगळं हजेरीपटावरच्या माणसाला. वेल्डिंगच्या बूथवर बहुतेक ठेकेदाराचे वेल्डर असतात. त्यांना नोटीस नसते, ठेकेदाराला फोन असतो: "उद्यापासून सहा जण कमी पाठव." रोबोने घेतलेल्या नोकऱ्या म्हणून कोणत्याच रजिस्टरमध्ये त्या येत नाहीत.

चाकणकर (मंगळवार, सकाळी ९.३०)

कायद्याचं बरोबर. पण रोबो नसता तरी ठेक्याची माणसं ऑर्डर पडली की जातातच. सगळं रोबोच्या माथी नको.

निळी कॉलर (मंगळवार, सकाळी ९.४४)

ऑर्डर वाढली की ती परत येतात. रोबो बसल्यावर येत नाहीत. फरक तेवढाच आहे.

पिवळी पट्टी (मंगळवार, दुपारी १२.१०)

सुरक्षेवर अजून कोणी लिहिलं नाही, म्हणून.

ऑगस्ट २०१५ मध्ये मानेसरच्या एका कारखान्यात रोबोने एका तरुण कामगाराचा जीव घेतला. सरकलेला पत्रा नीट करायला तो आत गेला होता, समोरून न जाता रोबोच्या मागच्या बाजूने. या प्रकारच्या अपघातांचा साचा हाच असतो. रोबो "थांबलेला" दिसतो, पण तो कुठल्यातरी सेन्सरची वाट बघत असतो. माणूस पार्ट सरळ करतो, सेन्सरला सिग्नल मिळतो, रोबोचा हात सुटतो.

म्हणून आत जाण्याची एकच वाट ठेवा, ती म्हणजे इंटरलॉक असलेलं दार. दाराची चावी काढल्याशिवाय दार उघडू नये, आणि चावी आत जाणाऱ्याच्या खिशात. रीसेटचं बटण कुंपणाबाहेर, आणि जिथून आतला प्रत्येक कोपरा दिसतो तिथे. आतून हात लांबवून दाबता येईल अशा जागी ते नको. टीच मोडमध्ये (रोबोला पॉइंट शिकवताना) वेग सेकंदाला २५० मिमीच्या आत असतो आणि पेंडंटच्या (रोबो चालवायच्या हातातल्या पाटीच्या) मागचा स्विच तीन टप्प्यांचा असतो: सैल सोडला तरी थांबतो, घाबरून आवळला तरी थांबतो. त्या स्विचला चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली तर सेल तिथल्या तिथे बंद करा.

लोडिंगच्या बाजूचा लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की टेबल थांबवणारा प्रकाशाचा पडदा. तो किती लांब बसवायचा हे नजरेने ठरत नाही. आयएसओ १३८५५ चं सूत्र साधं आहे: १६०० गुणिले थांबायला लागणारे सेकंद, अधिक ८ गुणिले (पडद्याची बारकाई, म्हणजे किती मिमीची वस्तू तो पकडतो, वजा १४). सिग्नल तुटल्यापासून टेबल पूर्ण थांबेपर्यंत ०.३ सेकंद लागत असतील आणि पडदा ३० मिमीचा असेल तर ४८० अधिक १२८, म्हणजे ६०८ मिमी. १४ मिमीचा बारीक पडदा घेतला तर उत्तर ४८० येतं, पण या सूत्रात ५०० च्या खाली जायचं नाही. थांबण्याचा वेळ रिकाम्या टेबलावर मोजू नका. फिक्स्चर आणि जॉब चढवून, पूर्ण वेगात मोजा. जड फिक्स्चर आलं की पुन्हा मोजा.

आणि कोबॉट (माणसाशेजारी चालणारा रोबो) घेतला की कुंपण नको हा गैरसमज आहे. हात मऊ असेल, हातातली टॉर्च आणि बाहेर आलेली वायर मऊ नाही. आर्कचा झगमगाट तर कोबॉटचाही तसाच. आयएसओ १०२१८ जोखीम बघायला सांगतं ती सगळ्या सेलची, नुसत्या रोबोची नाही.

नवशिका (मंगळवार, दुपारी ४.२०)

सेटर म्हणून कोणाला घ्यायचं? डिप्लोमा झालेला मुलगा की जुना वेल्डर?

थर्ड शिफ्ट (मंगळवार, संध्याकाळी ६.०५)

जुना वेल्डर. पेंडंटवर रोबो हलवणं, पॉइंट घेणं, प्रोग्रॅम कॉपी करणं, वेल्ड शेड्यूल बदलणं हे विक्रेत्याच्या पाच दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये हातात बसतं. पण टॉर्चचा कोन किती, ढकलत न्यायची की ओढत, कुठली शिवण आधी मारली तर पार्ट पिळणार नाही, आवाजावरून व्होल्टेज कमी आहे की वायर अडखळते आहे, हे पाच दिवसांत येत नाही. डिप्लोमावाला प्रोग्रॅम सुंदर लिहितो आणि वेल्डला अंडरकट (काठाला खाच) येतो.

अडचण वेगळीच असते. पेंडंटवरची इंग्रजी. ती खरी भीती आहे आणि तिच्यामुळे चांगले वेल्डर "मला नको साहेब" म्हणतात. रोज लागणारे वीसपंचवीस शब्द आणि दहाबारा अलार्म मराठीत लिहून लॅमिनेट करा आणि कंट्रोलरवर चिकटवा. महिन्याभरात कागदाकडे बघायची गरज उरत नाही. मेंटेनन्सला मात्र मेकॅट्रॉनिक्सवाला हवा. संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूमची मुलं त्यात तयार असतात.

निळी कॉलर (मंगळवार, संध्याकाळी ६.३०)

हे आधी बदलाच्या नोटिशीवरच्या चर्चेत लिहून घ्यावं: सेटरची जागा आधी आतल्या वेल्डरला, ट्रेनिंग कंपनीच्या वेळेत, आणि सेटर झाल्यावर ग्रेड बदलणार. "बघू नंतर" म्हणून सोडलं की सेटर बाहेरून येतो.

पत्रेवाला (बुधवार, सकाळी ८.४८)

शेवटचा प्रश्न माझाच. दिवाळीत शॉप आठवडाभर बंद असतो, मेन स्विचच पाडतात. सेलचं काय करायचं? सुट्टीनंतर रोबो "घर विसरला" अशा तक्रारी बऱ्याच ऐकू येतात.

थर्ड शिफ्ट (बुधवार, सकाळी ९.१५)

बॅटरी. रोबोच्या प्रत्येक सांध्याची जागा एन्कोडरमध्ये असते आणि मेन बंद असताना ती बॅटरीवर टिकते. फॅनुक कंपनीच्या रोबोंच्या बऱ्याच मॉडेलमध्ये बुडाशी डी साइझच्या चार अल्कलाइन बॅटऱ्या असतात, घरातल्या विजेरीत घालतो तशा. वर्षातून एकदा बदलायच्या. मेन चालू असेल तोवर मेलेली बॅटरी लक्षात येत नाही, सुट्टीत येते. पाडव्यानंतर स्क्रीनवर बीझॅल (बॅटरी संपल्याचा) अलार्म, आणि मग मास्टरिंग, म्हणजे प्रत्येक सांध्याचं शून्य पुन्हा ठरवणं. क्विक मास्टरिंगचा रेफरन्स आधी नोंदवून ठेवला असेल तर तासाभराचं काम. नसेल तर प्रत्येक सांध्याच्या खुणा डोळ्याने जुळवायच्या आणि नंतर चारही शिवणींचे पॉइंट तपासायचे. एक पाळी गेली.

धनत्रयोदशीच्या आधी बॅटऱ्या बदला, तारीख बुडावर मार्करने लिहा. पूर्ण बॅकअप यूएसबीवर घ्या आणि तो यूएसबी सेलच्या ड्रॉवरमध्ये नको, ऑफिसात ठेवा. गॅसचा व्हॉल्व्ह सिलिंडरवर बंद करा, नुसता रेग्युलेटरवर नाही. वायर टिपमधून थोडी मागे घेऊन ड्रम झाका. परत आल्यावर पहिला जॉब लावण्याआधी पिन तपासा, मग एक नग कापून पेनिट्रेशन बघा.

पिवळी पट्टी (बुधवार, सकाळी ९.२२)

बॅटरी बदलताना कंट्रोलर चालू ठेवून, इमर्जन्सी दाबून. बंद करून बदलली तर जे टाळायला निघालात तेच होईल.